गुरुवारी समुद्र बंद

नऱ्ह्यात समुद्र करायचा तर
पाचशे लिटरची काळी टाकी लागते,
सव्वाबारा किलो मीठ,
आणि तीन डब्यांतली पांढरी भुकटी,
जिला आमचा हमाल दिनू कडू साखर म्हणतो.
ढवळायला फळी. वल्हं नाही, फळी,
शेडचं दार बदललं तेव्हा उरलेली.

पाणी खडकवासल्याचं.
गोड पाणी आणायचं, ते खारं करायचं,
मग साठ बारचा दाब देऊन, पंपाच्या बोंबेत,
पडद्यातून ढकलून पुन्हा गोड करायचं.
मेहुण्याला सांगितलं तर म्हणाला,
ह्याचा पगार देतात?

देतात.
सतरा वर्षं मी समुद्र करतो
आणि पाहिलाय एकदाच, हरिहरेश्वरला,
कंपनीची सहल, दुपारची भरती, दोन तास.
तेव्हाही बोट बुडवून चाखलं होतं:
प्रमाण बरोबर होतं.

यास्मिन फणसोपकर कामाला लागली दिवाळीनंतर.
पहिल्याच दिवशी टाकीत वाकून म्हणाली,
काका, ह्याला वास नाही.
म्हटलं, वास आपल्या रेसिपीत नाही.

तिच्या गावची विहीर खाडीपासून हाकेवर.
मार्च लागला की खाडी आतल्या आत विहिरीला भेटायला येते.
मग चहात घातलेलं दूध फाटतं,
डाळ दोन दोन तास हट्ट धरून बसते,
साबण अंगावरून नुसताच फिरतो.
तक्रार म्हणून नाही,
तक्ता भरता भरता सांगत होती,
आवक इतकी, जावक इतकी.

शंभरात चाळीस गोड निघतात.
उरलेले साठ
आधीपेक्षा खारट होऊन मागच्या नळीने जातात.
कुठे, तिने विचारलं.
गटारात. गटार ओढ्याला, ओढा मुठेला,
पुढे मुळा, भीमा, कृष्णा,
आणि शेवटी बंगालचा उपसागर.
ती हसायलाच लागली,
मीठ आमच्या बाजूचं, आणि पोचतं भलतीकडे!
मग थांबली.
आमच्याकडे हे साठ कुठे सोडणार?
तिथे कालवं असतात. माझी खाला काढते.
मी तक्ता पाहिला.
कालवांचा रकाना नव्हता.

एप्रिलात गुरुवारचं पाणी बंद झालं.
मी फळ्यावर लिहिलं:
आज समुद्र नाही. नळाला पाणी नाही.
मालक म्हणाले, टँकर मागवा.
टँकर आला तशा समोरच्या इमारतीतून
बायका बादल्या घेऊन उतरल्या,
त्यांना वाटलं, त्यांचाच.
मिठाचं पोतं माझ्या खांद्यावर होतं.
खाली ठेवावं की फोडावं, कळेना.
यास्मिनने पाईप वळवला.
तक्त्यात त्या दिवशी तिच्या अक्षरात एकच शब्द आहे:
गळती.

मे संपता संपता यंत्र घाट उतरून तिच्या गावी गेलं,
टेम्पोत दोऱ्यांनी बांधून,
सोबत चार जादा पडदे
आणि मी लिहिलेला सूचनांचा कागद.
कागदात खाडीचा गाळ नव्हता,
म्हणून पहिला गाळणा आठ दिवसांत तुंबला.
विजेच्या बिलावर ग्रामपंचायतीत भांडण झालं.
मग चालू झालं.

तिच्या अम्मीचा फोन आला, तिने स्पीकरवर टाकला.
पाणी बरं आहे गो, अम्मी म्हणाली,
पण केसांना नेहमीएवढाच साबण लावला
आणि फेस काही जाईना,
तीन तांबे जास्त लागले धुवायला.
आणि हसली, खूप वेळ,
मायलेकी दोघीही.

साठांचं काय केलंत, हे विचारायचं
माझ्या ओठांवर होतं. राहिलं.
फोनच्या मागे एक आवाज सारखा चालू होता,
लाटेचा असेल, नाहीतर पंपाचा.
मला अजून फरक ओळखता येत नाही.